खर्जाची पेटी

बंद असते तेव्हा ही पेटी जुन्या बिऱ्हाडातल्या कपड्यांच्या ट्रंकेसारखी दिसते. बाहेरून रेक्झिन, वर सपाट झाकण, कडेला कड्या. कड्या सोडायच्या, झाकण उचलायचं, उलटं करायचं आणि पुन्हा त्याच जागी टेकवायचं. इतका वेळ झाकणाच्या पोटाला वटवाघळासारखा लटकलेला अँप्लिफायर आता पेटीच्या माथ्यावर सरळ उभा राहतो. काचेच्या ट्यूबा, ट्रान्सफॉर्मरचे काळे ठोकळे, नॉबांची एक ओळ. वायर जोडायची, बटण दाबायचं आणि ट्यूबा तांबूस होईपर्यंत थांबायचं. मग पंधरा इंची स्पीकरमधून एक बारीक 'हं' येते, गवयाने बैठकीत बसल्यावर घसा साफ करावा तशी.

हा अँपेग कंपनीचा पोर्टाफ्लेक्स बी-१५, बेसचा अँप्लिफायर. बाजारात आला १९६० साली, जेस ऑलिव्हर यांनी रचलेला. पंचवीस वॅट, एक स्पीकर. मला तो आयुष्यात एकदाच, एका स्टुडिओत, तासभर वाजवायला मिळाला. माझ्याकडे आहे तो आजचा साधा कॉम्बो, म्हणजे अँप्लिफायर आणि स्पीकर एकाच खोक्यात: बारा इंची स्पीकर, शंभर वॅट, एका हातात उचलून रिक्षात टाकता येईल असा. पण माझी पेटी मला वाचता यायला लागली ती त्या एका तासानंतर. कविता नीट वाचायला शिकवणारा एखादा मास्तर असतो, तसं त्या जुन्या खोक्याचं झालं. म्हणून हे रसग्रहण त्याचं, आणि जाता जाता माझ्या पेटीचं.

काटेकोर माणसं म्हणतील, बी-१५ हा कॉम्बो नव्हेच. अँप्लिफायर वेगळा होतो, म्हणजे ते हेड आणि कॅबिनेट. असेल. माझी व्याख्या हमालीवरून ठरते. जिन्यावरून एका फेरीत वर जातो तो कॉम्बो.

ही पेटी कोणी बनवली हे आधी सांगायला हवं, कारण ते तिच्या आवाजात ऐकू येतं. एव्हरेट हल हा न्यूयॉर्कमधला डबल बेस वाजवणारा माणूस. डबल बेस म्हणजे माणसाहून उंच लाकडी वाद्य. ते जमिनीवर ज्या खुंटीवर टेकतं ती त्याची पेग. भोवती ट्रम्पेट आणि सॅक्सोफोन सुरू झाले की या वाद्याचा आवाज तिसऱ्या रांगेपर्यंतही जात नसे. हलने त्या खुंटीच्या आधाराने मायक्रोफोन थेट वाद्याच्या पोटात उभा केला. अँप्लिफाइड पेग, म्हणून अँपेग. १९४६ मध्ये स्टॅन्ली मायकल यांच्यासोबत त्याने कंपनी काढली. त्याला हवा होता तो डबल बेसचाच आवाज, फक्त मोठा. फाटलेल्या, करकरणाऱ्या आवाजाचा त्याला तिटकारा होता आणि रॉक अँड रोलही त्याला फारसं रुचत नव्हतं. मला हा हट्टी माणूस आवडतो. त्याच्या पेटीत एक सोवळेपणा आहे, आणि बेसला तो शोभतो.

शेजारी दुसरी पेटी ठेवून पाहिली की हे अधिक उलगडतं. कॅलिफोर्नियात लिओ फेंडरने १९५१ मध्ये प्रिसिजन बेस ही विजेवरची बेस गिटार आणली आणि तिच्यासाठी १९५२ मध्ये बेसमन नावाचा कॉम्बो. पहिला बेसमन पंधरा इंची एका स्पीकरचा होता. पुढे दोन-तीन वर्षांतच त्यात दहा इंची चार स्पीकर आले आणि पाठ उघडी झाली. तेव्हापासून गिटारवाले त्याच्याभोवती घोटाळायला लागले. जोरात वाजवला की तो असा काही गोड फाटायचा की लंडनमध्ये जिम मार्शलच्या दुकानात १९६२ साली पहिला मार्शल अँप्लिफायर बनला तो या बेसमनचं सर्किट समोर ठेवूनच. थोरल्यासाठी शिवलेला सदरा धाकट्याने घालून मिरवावा, तसं झालं. बेसवाल्याच्या नावाने जन्मलेली पेटी जगभर गाजली ती गिटारची म्हणून.

असं का व्हावं? उत्तर बरंचसं त्या उघड्या पाठीत आहे. स्पीकरचा कागद पुढे सरकतो तेव्हा समोरची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची हवा विरळ होते. तार बारीक असेल, सूर उंच असेल, तर मागचा आवाज मागेच राहतो. खर्जाचं तसं नाही. बेस गिटारची सगळ्यात खालची तार, ई, सेकंदाला साधारण ४१ वेळा कंप पावते. तिची एक लाट आठ मीटरहून लांब असते, म्हणजे दिवाणखान्यात मावतही नाही. एवढ्या लाटेला खोक्याची अडचण ती काय! ती वळसा घालून पुढे येते आणि पुढच्या लाटेला खाऊन टाकते. बी-१५ ची पाठ म्हणून बंद आहे. झाकण उलटं केल्यावर ते पेटीवर घट्ट बसावं आणि फटीतून हवा निसटू नये, याची काळजी घेतलेली आहे. अँप्लिफायर रबरी गट्ट्यांवर तोलला आहे, म्हणजे खालच्या हादऱ्याने ट्यूबा खणखणू नयेत. मला यात तबलजीची नजर दिसते. डग्ग्याच्या पुडीला वरून कितीही शाई चढवा, खालचं भांडं चिरलेलं असेल तर घुमारा येत नाही. पेटी हेच वाद्याचं पोट आहे, हे हलच्या माणसांना ठाऊक होतं.

आता ओळ वाचू. नॉबांची.

बी-१५ वर दोन इनपुटांसाठी दोन सारख्या जोड्या आहेत आणि प्रत्येकीत तीनच नॉब: आवाज, बेस, ट्रेबल. संपलं. मधला आवाज कमी-जास्त करणारा नॉब, ज्याला सगळे मिड म्हणतात, तो नाहीच. आजच्या माझ्या पेटीवर गेन, बेस, लो-मिड, हाय-मिड, ट्रेबल, मास्टर आणि शिवाय दोन-तीन बटणं आहेत. बी-१५ च्या ओळीत जी जागा रिकामी सोडली आहे, ती मला कवितेतल्या यतीसारखी वाटते. तिथे काही नाही म्हणूनच अर्थ आहे. बेस आणि ट्रेबलचं हे सर्किट बॅक्सँडल या ब्रिटिश इंजिनिअरच्या नावाने ओळखलं जातं. त्याची मूळ रचना १९५२ मध्ये छापून आली. अँपेगने तिचं साधं रूप वापरलं. दोन्ही नॉब मध्यावर ठेवले की हे सर्किट जवळजवळ काहीच करत नाही. आलेला आवाज तसाच पुढे पाठवतं. फेंडर धाटणीच्या सर्किटचं वेगळं असतं. त्यात नॉब मध्यावर ठेवले तरी मधल्या आवाजाला खड्डा पडतोच. गिटारला तो खड्डा खुलवतो, ती झुळझुळते. बेसचा मात्र त्यात गळा जातो.

हा मधला आवाज म्हणजे नेमकं काय, हे मला एका फजितीतून समजलं. पहिला कॉम्बो मी मुंबईतल्या एका दुकानात घेतला. वातानुकूलित खोली, जमिनीवर गालिचा, भिंतीला फोम आणि मी एकटा. कॉम्बोवर कंटूर नावाचं बटण होतं. दाबलं आणि मी खल्लास! खालचा सूर पोटात शिरला, वर अंगठ्याने मारलेली तार काचेसारखी लखलखली. मधलं सगळं गायब झालं होतं, पण ते गायब आहे हे कानाला कळत नव्हतं. उलट चित्र स्वच्छ झाल्यासारखं वाटत होतं. दुकानदाराने काही फसवलं नाही. फसवायला मी होतो की.

रविवारी बँडची प्रॅक्टिस. आमचे ड्रमवाले काका सत्तरच्या दशकापासून ऑर्केस्ट्रात वाजवत आलेले. लग्नं, गणपती, नाट्यगृहं सगळं करून बसलेले. दोन गाणी झाली. मी विचारलं, "काका, कसा वाटतोय नवा अँप?"

काकांनी काठ्या मांडीवर ठेवल्या. "बाळा, खाली नुसता गडगडाट आहे रे. शब्द कुठे आहेत?"

शब्द. मी दहा वर्षं बेस वाजवत होतो आणि खर्जाला शब्द असतात, हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

काकांच्या वाक्याचा अर्थ असा. ड्रमचा पायाने वाजवायचा मोठा नगारा ६०-८० हर्ट्‌झच्या आसपास धपकतो, म्हणजे माझ्या खालच्या सुरांच्या मांडीला मांडी लावून. वर, दोन-तीन हजारांच्या पुढे, झांजा आणि गिटार. कीबोर्डवाल्याचा डावा हात तर बेसवाल्याचा पिढीजात वैरी. तो हात खिशात ठेवा म्हणून मी गोडीत सांगून पाहिलंय. मग माझ्यासाठी मोकळी जागा उरते ती साधारण २५० पासून हजारपर्यंत. बोट तारेवरून सुटतं तेव्हाचा 'ट', सूर कुठला ते सांगणारी गुरगुर, एक स्वर संपून दुसरा कुठे सुरू झाला ती कड, हे सगळं तिथे राहतं. कंटूरच्या बटणाने मी नेमकी तीच जागा खोदून काढली होती. एकट्याने ऐकताना ती जागा नाकात बोलल्यासारखी वाटते. कण्हल्यासारखी. म्हणून आपण ती काढून टाकतो. बँडमध्ये मात्र तेच नाकातलं बोलणं इतरांच्या आवाजात मिसळून जातं आणि नुसतं 'कळतं'. डग्ग्याच्या घुमाऱ्यावर आपण माना डोलावतो, पण 'घे' कुठला आणि 'के' कुठला हे सांगतो तो तळहाताचा आणि बोटांचा कोरडा स्पर्श.

बी-१५ समोर तो तास मी हेच ऐकत होतो, तेव्हा ते शब्दांत मांडता आलं नव्हतं. एकटा वाजवताना तो आवाज मला जरा बोथट, घरगुती वाटला. चमक नाही. पोटात बुक्की नाही. मग स्टुडिओतल्या मुलाने एका गाण्याचा ट्रॅक लावला आणि मी त्यावर वाजवायला लागलो. आवाज काही वाढवला नव्हता, तरी प्रत्येक स्वर जागेवर उभा होता, पंगतीत पाट मांडावेत तसा. मोठा म्हणून नव्हे, मधला म्हणून ऐकू येत होता.

इथे एक दंतकथा बाजूला करतो. बी-१५ म्हटलं की डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीचा जेम्स जेमरसन आठवतो. १९६२ ची प्रिसिजन बेस, वर्षानुवर्षं न बदललेल्या जाड सपाट तारा आणि उजव्या हाताचं एकच बोट. क्लबांत तो बी-१५ वरच वाजवायचा. पण ज्या रेकॉर्डी ऐकून लोक आजही ही पेटी शोधत फिरतात, त्यांतला त्याचा बेस बहुतेक वेळा पेटीतून आलेलाच नाही. मोटाउनच्या स्टुडिओत तो तारेने थेट कन्सोलमध्ये जायचा. म्हणजे आपण ज्याच्या मागे धावतोय ते बरंचसं जेमरसनचं बोट आहे आणि त्या जुनाट तारा. तारा बदलायचा कंटाळा हीसुद्धा आवाजाची निवड असते, हे ऐकून माझ्यासारख्याला फार बरं वाटलं. मेम्फिसच्या स्टॅक्स कंपनीत डोनाल्ड 'डक' डनने मात्र बी-१५ वापरला. त्याचा बेस ऐका. त्यात दिखाऊ असं काही नाही आणि कुठलाही स्वर हरवत नाही.

वॅटचं प्रकरण दुकानात फार चालतं, इथे चार वाक्यांत आटोपतो. वॅट दुप्पट केले की आवाज तीन डेसिबलने वाढतो, म्हणजे कानाला 'थोडा मोठा' वाटतो. दुप्पट मोठा वाटायला दहापट वॅट लागतात. चाळीसचा कॉम्बो टाकून ऐंशीचा घेणाऱ्याने ही गंमत आधी जाणून घ्यावी. घरासाठी तीस-चाळीस पुरतात, ड्रमसोबत शंभराच्या खाली जाऊ नये, आणि मोठ्या हॉलमध्ये तुमचा आवाज लोकांपर्यंत पोचवण्याचं काम पेटीच्या मागच्या डीआय सॉकेटमधून निघणारी तार करते. पेटी फक्त तुम्हाला स्वतःला ऐकू यावं म्हणून. स्पीकर दहा इंची घ्यावा की पंधरा, यावर लोक रात्र जागवतात. माझं मत विचाराल तर बारा. कारण पाठ.

पण छोट्या पेटीतून खालची ई खरंच येते का? खरं सांगायचं तर फारशी नाही. दहा-बारा इंची बहुतेक कॉम्बो ४१ हर्ट्‌झला जवळजवळ हात टेकतात. येतो तो तिचा दुसरा अंश, दुप्पट कंपनांचा, ८२ चा. तिसरा, १२३ चा. आणि त्यांच्या वरचे. हे सगळे एका ठरावीक अंतराने आले की आपला मेंदू खालचा, न वाजलेला सूर स्वतःच लावून घेतो. ही काही नवी जादू नाही. आमच्या लहानपणी स्वयंपाकघरातल्या फळीवर ट्रान्झिस्टर असायचा, तीन इंची स्पीकरचा. त्यातून ४१ हर्ट्‌झ बाहेर पडण्याची सुतराम शक्यता नव्हती. तरी पंचमच्या गाण्यांतले बेसचे तुकडे आम्हाला पाठ होते, आणि बादलीवर ते वाजवूनही दाखवायचो. जो खर्ज आम्ही ऐकला तो आमच्या डोक्यात वाजत होता. ट्रान्झिस्टर फक्त मधलं तेवढं पाठवत होता. छोट्या कॉम्बोवर बेसचा नॉब शेवटापर्यंत फिरवणारा माणूस बिचाऱ्या स्पीकरकडे जे मागतो ते त्याच्यापाशी नसतं; स्पीकर फडफडतो आणि ज्या अंशांवरून मेंदूने काम चालवलं असतं तेही चिखलात जातात.

आता प्रॅक्टिसची खोली. पुण्यात, एका बंगल्याच्या तळमजल्यावर. लांबी साडेअकरा फूट. हे मी नंतर टेपने मोजलं, आणि का मोजलं ते सांगतो.

काकांच्या शेऱ्यानंतर कंटूर बंद केलं आणि सगळे नॉब मध्यावर आणले. आधी गेन. तार सगळ्यात जोरात मारल्यावर लाल दिवा जेमतेम लुकलुकावा इतका चढवला, मग एक पायरी उतरवला. गेन म्हणजे पेटीच्या तोंडात किती घास भरायचा, आणि मास्टर म्हणजे तिने किती मोठ्याने बोलायचं. हे दोन नॉब एकच काम करतात असं समजणाऱ्यांत मी होतोच. मग लो-मिड किंचित वर, हाय-मिड थोडा अधिक वर. बेस मध्याच्या जरा खाली. हे शेवटचं करताना हात कचरतो हो. बेसवाल्याने बेस कमी करायचा? पण केला, आणि काका न बोलता एक ठेका धरून बसले. त्यांचं समाधान असं असतं.

तरीही एक स्वर बंड करत होता. ई तारेवरचा तिसरा पडदा, खालचा जी. बाकी सगळे शहाण्यासारखे वागायचे आणि हा एकटा ढेकर दिल्यासारखा फुगायचा. दुसऱ्या पडद्यावर काही नाही, चौथ्यावर काही नाही. मी तारेला दोष दिला, पिकअपला दिला, पेटीला तर दिलाच. मग टेप काढली. साडेअकरा फूट म्हणजे साडेतीन मीटर. अशा खोलीच्या दोन समोरासमोरच्या भिंतींमध्ये जी लाट बरोबर अर्धी मावते, तिची कंपनं सेकंदाला साधारण ४९. खालच्या जीची कंपनंही ४९. तो स्वर मी वाजवतच नव्हतो म्हणा ना. खोली वाजवत होती. मी नुसती आठवण करून देत होतो.

खोली नॉबने सुधारत नाही. पेटी कोपऱ्यात होती, आणि कोपरा म्हणजे खर्जाचं माहेर. तीन बाजूंनी लाड होतात. ती ओढून भिंतीच्या मध्याच्या आसपास आणली, जमिनीवरून उचलून प्लॅस्टिकच्या खुर्चीवर ठेवली. दोन गोष्टी झाल्या. ढेकर निम्म्याने कमी झाला, आणि इतकी वर्षं माझ्या पोटऱ्यांना ऐकू जाणारा आवाज पहिल्यांदाच माझ्या कानांना ऐकू आला. आपण पेटी पायाशी ठेवतो, डोकं पाच फूट वर असतं, आणि वरचे स्वर स्पीकरमधून सरळ रेषेत जातात. मग स्वतःला 'शब्द' ऐकू येत नाहीत म्हणून ट्रेबल वाढवतो, आणि समोर बसलेल्या माणसाचे कान किटतात. बी-१५ सोबत चाकांचा एक पाट यायचा. त्यावर खुर्चीची सोय मात्र नव्हती. तेवढं पुण्याकडून जोडलं, असं म्हणायला हरकत नाही.

पेटीची ती 'हं' राहिलीच. जुन्या ट्यूबवाल्या पेटीत ती थोडी असतेच, नव्या पेटीत वायर किंवा अर्थिंग बिघडलं की येते. आपल्याकडची वीज ५० हर्ट्‌झची, त्यामुळे या गुणगुणीत ठळक असतो तो बहुतेक वेळा १०० चा सूर. बेसची मोकळी जी तार ९८ ची. म्हणजे आपली वीज मोकळ्या जीच्या किंचित चढ्या सुरात गाते, आणि दोन्ही एकत्र वाजले की सेकंदाला दोन हेलकावे येतात. नीट न लागलेल्या तंबोऱ्यासमोर बसल्यासारखं होतं. अमेरिकेत वीज ६० ची, तिथली गुणगुण १२० वर, म्हणजे बीच्या जरा खाली. देश बदलला की बेसूरसुद्धा बदलतो, ही गोष्ट मला फार आवडते.

वीज आणखी एका कारणाने लक्षात राहिली आहे. माझा मामेभाऊ न्यू जर्सीला असतो. अँपेगचा कारखाना ज्या लिंडनला होता तिथून एडिसन फार दूर नाही, आणि एडिसनला आपली माणसं किती आहेत ते सांगायला नको. त्याने एका सुट्टीत तिकडून एक जुना कॉम्बो आणला. मी आनंदाच्या भरात पाठीवरची पट्टी वाचलीच नाही. पेटी १२० व्होल्टची, आमच्या भिंतीत २३०. 'हं' काही आली नाही. 'फट्' आलं, मग वास. आईने आतून विचारलं, "काय रे, दूध उतू गेलं का?" फ्यूज गेला होता, तेवढ्यावर भागलं हे नशीब. दुसऱ्या देशातली पेटी घेताना मी आता आधी पाठ वाचतो, मग नॉब.

घरी रात्री वाजवताना सगळं पुन्हा उलटं होतं, तेही लिहून ठेवतो. हळू आवाजात आपल्या कानाला खर्ज कमी ऐकू येतो. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच हे मोजून दाखवलं. म्हणून रात्री अकराला, शेजाऱ्यांच्या धाकाने, मी बेसचा नॉब वर नेतो आणि ते बरोबरच असतं. चूक होते ती रविवारी. रात्रीचे नॉब तसेच घेऊन ड्रमच्या शेजारी बसलं की गडगडाट परत येतो आणि काका माझ्याकडे बघतात.

त्यावर मी एक उपाय शोधला. बायकोच्या पाकिटातल्या टिकल्या घेतल्या आणि नॉबांच्या कडेला पॅनलवर चिकटवल्या. लाल टिकल्या घरासाठी, काळ्या प्रॅक्टिसच्या खोलीसाठी. पेटी हळदीकुंकवाला निघाल्यासारखी दिसायला लागली. काकांनी पाहिलं, हसले नाहीत, फक्त विचारलं, "खुर्चीसाठी कुठली टिकली?"

पुढच्या महिन्यात एका सोसायटीच्या गणपतीत कार्यक्रम होता. पत्र्याचं छत, तीन बाजू उघड्या, चौथ्या बाजूला मूर्ती. पेटी ठेवली, नॉब काळ्या टिकल्यांना नेऊन लावले आणि ई तारेवर खालचा जी दाबला. काहीच झालं नाही; तो इतरांसारखाच एक स्वर होता. चौथा पडदा दाबला, पाचवा दाबला. मग मोकळी ए वाजवली आणि पत्रा वाजायला लागला.